वारजेतला काना

एखादी प्रोग्रामिंग भाषा मराठीला कितपत जागा देते, हे मी ‘वारजे’ या नावावर तपासतो. व्हेरिएबलचं नाव म्हणून पायथन ३ ते सहज स्वीकारते. गो मात्र ‘व’पुढच्या कान्यावरच अडते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत व, र, ज ही अक्षरं आहेत, तर काना आणि मात्रा ही जोडचिन्हं, आणि गोच्या नियमात नावाला फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेखा चालतात. म्हणजे ‘घर’ चालतं, ‘घरे’ चालत नाही! हे नजरचुकीनं झालेलं नाही. जोडचिन्हं मुद्दाम वगळली आहेत आणि त्यामुळे देवनागरी बाहेर राहते, असं गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतच लिहिलं आहे. नियम सोपा ठेवायचा होता, हे कारण मला पुरेसं वाटत नाही. काना वेगळा साठवायचा ही युनिकोडनं इस्की या आधीच्या भारतीय संकेतप्रणालीकडून घेतलेली संगणकीय सोय आहे. तेवढ्यावरून तो नावाचा भाग नाही असं कसं ठरवता येईल? जोडचिन्ह नावाच्या सुरुवातीला नको, पुढे चालेल, एवढ्या एका नियमावर पायथनचं काम भागतं.

कोड इंग्रजीतच लिहितात, मग हवं कशाला, असं विचारलं जातं. पण जमिनीच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिताना ‘फेरफार’ रोमनमध्ये एक जण ‘पीएच’नं लिहितो, दुसरा ‘एफ’नं, आणि एकाच गोष्टीची दोन नावं होतात. देवनागरीत हा घोळ होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सारखी दिसणारी नावं. ‘ॲप’मधला ॲ २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, ‘अ’वर चंद्र देऊनही तोच आकार उमटतो, पण पायथनला ती दोन वेगळी नावं वाटतात. ‘दऱ्या’ तर ऱ वापरून लिहिला तर चालतो आणि साध्या ‘र’ला अदृश्य जोडक लावून लिहिला तर पायथन नाकारते; जावास्क्रिप्ट तो जोडकही स्वीकारते. हा धोका खरा आहे, पण तो इंग्रजीतही आहे: शून्य आणि ‘ओ’, एक आणि लहान ‘एल’. त्यासाठी कुणी रोमन लिपी बंद केली नाही. रस्टनं २०२१ मध्ये इतर लिप्यांतली नावं खुली केली, तेव्हा सारख्या दिसणाऱ्या नावांवर इशारा देण्याची सोयही सोबत दिली. गोनंही तसंच करावं.