चिंचोके किती?

मुलांनो, वर्गात बाईंनी प्रश्न विचारला, तुम्ही उत्तर दिलंत आणि बाईंनी लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर तुम्ही काय करता? खरं सांगा हं! "चुकलं वाटतं आपलं," असं मनात म्हणून उत्तर बदलता ना? मीही लहानपणी हेच करायची. पण स्वतः बाई झाल्यावर ही साधी गोष्ट पार विसरून गेले.

त्या वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. एकदा सतरंजीवर मी चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. वर सात, खाली सात, अगदी समोरासमोर. एका मुलाला विचारलं, "दोन्हीकडे सारखेच आहेत ना?" तो म्हणाला, "हो बाई." मग खालच्या ओळीतले चिंचोके मी लांब लांब सरकवले. "आता कुठं जास्त?" त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"नीट बघ. कुठं जास्त?"

तो गोंधळला. बोट उचललं आणि वरच्या ओळीवर ठेवलं!

सगळा वर्ग हसला. वाईट म्हणजे मीसुद्धा हसले. "चिंचोक्यांना पिल्लं झाली का रे?" असं काहीतरी बोललेही. त्या दिवसापासून त्याचा हात वर येईना. नाव घेऊन विचारलं तरी मान खाली. आधी मला वाटलं, रुसला असेल, दोन दिवसांत विसरेल. तो विसरला नाही.

गंमत म्हणजे, असलेच चिंचोके मी डी.एड.च्या परीक्षेत लिहून आले होते! जीन पियाजे नावाचे एक स्विस शास्त्रज्ञ होते. जन्म १८९६ चा. शाळेत असतानाच बागेत दिसलेल्या एका पांढुरक्या चिमणीवर त्यांनी छोटंसं टिपण लिहिलं आणि ते १९०७ साली छापूनही आलं. म्हणजे तेव्हा ते तुमच्याएवढेच होते. मोठेपणी पॅरिसमध्ये त्यांना मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम मिळालं. किती उत्तरं बरोबर आली ते मोजायचं, एवढंच काम. पण पियाजेंचं लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची बरीच मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात, असं त्यांना दिसलं. ही मुलं मठ्ठ नाहीत, त्यांची विचार करायची रीतच वेगळी आहे, असं त्यांना वाटलं. मग पुढचं सारं आयुष्य ते मुलांना "तुला असं का वाटतं?" हेच विचारत राहिले. स्वतःच्या तीन मुलांनाही त्यांनी सोडलं नाही! बाळासमोर वस्तू कापडाखाली लपवायची आणि ते शोधतं का, ते पाहायचं. अगदी लहान बाळ शोधतच नाही. दिसेनाशी झाली की त्याच्या लेखी ती वस्तू संपलीच.

तुम्हीही करून पाहा. घरात चार-पाच वर्षांचं भावंडं असेल तर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद बाटलीत ओता आणि विचारा, कशात जास्त? बहुतेक ते बाटलीकडे बोट दाखवेल, कारण तिथं पाणी वर चढलेलं दिसतं. साधारण सात वर्षांच्या आसपास मुलं म्हणू लागतात, "तेवढंच आहे, नुसतं ओतलंय." फक्त त्याला हसू नका.

हे सगळं मला पाठ होतं, मार्कही चांगले पडले होते. पण पुढची गोष्ट मी नंतर वाचली. आई-बाबांनो, हा भाग तुम्हीही वाचा. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथं मार्गारेट डोनाल्डसन नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ओळींचा हाच प्रयोग केला, पण ओळ मोठ्या माणसाने मोडायचीच नाही. एक खोडकर टेडी अस्वल खोक्यातून येई आणि ओळ विसकटून टाकी. एवढाच फरक, पण आता पुष्कळ जास्त मुलं म्हणाली, "सारखेच आहेत." का बरं? बाई स्वतः मुद्दाम काहीतरी सरकवतात आणि पुन्हा तेच विचारतात, म्हणजे काहीतरी बदललं असणार, असं मूल धरून चालतं. ते चिंचोक्यांकडे बघत नसतं, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत असतं!

हे वाचलं आणि तो मुलगा डोळ्यांसमोर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचोके काढले. टेडी कुठून आणणार? मी रुमालाचा उंदीर केला. उंदीरमामा आले, खालची ओळ इकडेतिकडे करून पळाले. मी त्या मुलाकडे न बघता वर्गालाच म्हटलं, "बघा बाई, काय करून ठेवलंय यानं! आता कुठं जास्त आहेत?" चार-पाच जण ओरडले, "खाली!" आणि मागून त्याचा बारीक आवाज आला, "सारखेच आहेत. उंदरानं नेला कुठं एक तरी?"

खाली म्हणणाऱ्यांना मी यावेळी "चूक" म्हटलं नाही. "कसं काय, दाखवा," म्हटलं. एका मुलीनं बोटांनी माप घेऊन दाखवलं, ओळ लांब आहे ना, म्हणून जास्त. तिच्या परीनं बरोबरच की! शेजारणीनं तिला वरचा एक, खालचा एक अशा जोड्या लावायला सांगितल्या. सात जोड्या झाल्यावरही तिची खात्री पटली नव्हती. पटली नाही तर नाही. दिवाळीनंतर बघू, म्हटलं.

आता तो मुलगा तिसरीत आहे. परवा पाढे घेताना मी त्याला सात आठे विचारलं. तो म्हणाला, "छप्पन्न." सवयीनं माझ्या तोंडून निघालंच, "किती?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "छप्पन्नच, बाई. ऐकू नाही आलं का?"