येस, नो आणि डेव्हिड पार्नास

इंजिनिअरिंगला आम्हाला ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ नावाचा एक विषय होता. होता म्हणजे, परीक्षेच्या आदल्या रात्री होता. प्रेसमनचं जाडजूड पुस्तक, वॉटरफॉल, स्पायरल, आणि ‘कोहिजन व कपलिंग यांवर टिपा लिहा’. पाठ केलं, ओकलं, सुटलो. या विषयात कुणी आयुष्यभर संशोधन करत असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. संशोधन कसलं करायचं त्यात? कोड एकतर चालतो, नाहीतर चालत नाही!

मग आला सप्टेंबर २०२५. तीन तारखेला जीएसटी कौन्सिलने दर बदलायचं ठरवलं आणि ते लागू होणार होते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. देशभर लोक खूश, आमची टीम सोडून. आम्ही कपड्यांच्या दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. हजाराच्या वरच्या कपड्यांना आधी १२ टक्के लागायचे, आता अडीच हजारांपर्यंत ५ लागणार. क्लायंट म्हणाला, एक आकडा तर बदलायचाय. मलाही तसंच वाटलं होतं. शोधायला बसलो तर तो १२ एकतीस फाइलींमध्ये सापडला. बिलात, डिस्काउंटात, रिपोर्टात, प्रिंटरवर पावती छापणाऱ्या कोडमध्येसुद्धा! एका महाभागाने तर १.१२ ने भागलं होतं, म्हणजे सर्च मारूनही चुकून सापडू नये.

त्या दिवसांत रात्री झोप येईना म्हणून एक जुना पेपर वाचायला घेतला. डेव्हिड पार्नास, डिसेंबर १९७२. सिस्टिमचे मॉड्यूल पाडायचे तर कुठल्या निकषावर, एवढाच विषय. पानं मोजकी. आणि वाचता वाचता मी उठून बसलो, कारण त्यात आमच्या एकतीस फाइली होत्या.

उदाहरण अगदी साधं आहे. काही ओळी घ्यायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवायचे (‘टिळक रोड पुणे’, ‘रोड पुणे टिळक’, ‘पुणे टिळक रोड’) आणि सगळ्यांची अकारविल्हे यादी छापायची. हे दोन प्रकारे करता येतं. पहिला प्रकार आपण सगळे करतो तो: कामाच्या पायऱ्या बघायच्या आणि पायरीगणिक मॉड्यूल. वाचा, फिरवा, लावा, छापा. दिसायला सुटसुटीत. पण ओळी मेमरीत कशा ठेवल्यात हे चारही जणांना ठाऊक असावं लागतं, आणि उद्या ती पद्धत बदलली की चौघेही मोडतात. पार्नास म्हणतो, उलट करा. आधी उद्या काय काय बदलू शकेल याची यादी करा, आणि त्यातली एकेक गोष्ट एकेका मॉड्यूलचं गुपित करून टाका. बाकीच्यांना पत्ताच लागू द्यायचा नाही.

आमच्याकडे कराचा दर हे गुपित नव्हतं. ती गावभर झालेली बातमी होती.

मग या माणसाचं बाकीचंही वाचत सुटलो. जन्म १९४१, अमेरिकेतला. १९६५ साली कार्नेगी टेकमधून पीएच.डी., गाइड ॲलन पर्लिस (पहिलं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं ते). पुढे अमेरिका, जर्मनी, कॅनडा, आयर्लंड, एवढ्या विद्यापीठांत शिकवलं की सगळी लिहिली तर रेझ्युमे होईल. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच. प्राध्यापकांच्या कल्पना खेळण्यातल्या उदाहरणांवर चालतात, खऱ्या सिस्टिमवर नाही, असं लोक म्हणायचे. (आम्हीपण म्हणतो.) तर हा सत्तरच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जाऊन ए-७ या लढाऊ विमानातलं सॉफ्टवेअर घेऊन बसला. आणि पहिलं काम काय केलं? कोड नाही लिहिला. हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय, हे तक्त्यांत लिहून काढलं. विमान आधीपासून उडत होतं, पण ते एका जागी नीट लिहिलेलं नव्हतं! तो दस्तऐवज १९७८ मध्ये आला. हेच तक्ते पुढे कॅनडातल्या डार्लिंग्टन अणुवीज केंद्रात कामाला आले. अणुभट्टी बंद करणारं सॉफ्टवेअर तपासताना एका गटाने गरजांचे तक्ते केले, दुसऱ्याने कोड वाचून कोड काय करतो त्याचे, आणि मग ओळीने ओळ जुळवली. वेळ गेला, लायसन्स लांबलं, लोक वैतागले.

पण मी अडकलो ते १९८५ पाशी.

रेगन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलं होतं की अमेरिकेवर येणारी अण्वस्त्रं वाटेतच पाडणारी यंत्रणा उभारायची. लोक त्याला ‘स्टार वॉर्स’ म्हणायचे. त्याच्या कॉम्प्युटरच्या बाजूचा विचार करायला एक समिती नेमली, त्यात पार्नास होता. मानधन दिवसाला एक हजार डॉलर, १९८५ चे! बरं, हा काही संरक्षण खात्याचा विरोधक नव्हता, त्यांचीच कामं वर्षानुवर्षं करत आलेला. तरी २८ जून १९८५ ला त्याने राजीनामा दिला आणि सोबत छोटे छोटे आठ निबंध जोडले. हे सॉफ्टवेअर विश्वास ठेवण्याजोगं का होऊ शकत नाही, ते मुद्देसूद.

मुद्दा आपल्या कुणालाही कळेल असा आहे. मोठं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी कधीच धड चालत नाही. ते वापरात येतं, फुटतं, आपण दुरुस्त करतो, असं करत काही वर्षांनी भरवशाचं होतं. इथे मात्र पहिला खरा वापर म्हणजेच युद्ध. क्षेपणास्त्र अर्ध्या तासात पोचतं. पॅच कधी टाकणार?

आणखी एक गोष्ट त्याने लिहिली, तीच जास्त झोंबली असणार. काही सहकारी खासगीत मान्य करायचे की हे होणार नाही, पण संशोधनाला पैसा येतोय तर घेऊ या. त्यावर हा म्हणे, तज्ज्ञ म्हणून बोलावलंय तर खरं सांगणं हेच काम आहे. पुढे १९९३ मध्ये तो कार्यक्रम त्या रूपात गुंडाळला गेला. (हाच माणूस २००७ मध्ये पेपर मोजून संशोधकाची लायकी ठरवण्यावरही तुटून पडला. आपल्याकडे पॉइंटांसाठी पेपर छापणारे प्राध्यापक पाहिलेत ना?)

असो. मी हे का सांगतोय, तर १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी माझ्यासमोर रिलीजची शीट होती. मी केलेला भाग: रिटर्न. कॉलम: ‘टेस्टेड?’ जुन्या दराने घेतलेला कपडा २२ नंतर परत आला तर पैसे जुन्याच दराने परत गेले पाहिजेत. हे मी तपासलं नव्हतं. लीडला म्हणालो, एक केस राहिलीय.

“मेन फ्लो चालतोय ना?”

“चालतोय, पण…”

“मग टाक येस. रात्री अकराला डिप्लॉयमेंट आहे रे.”

टाकलं. मला दिवसाला हजार डॉलर कुणी देत नव्हतं, तरी टाकलं.

मंगळवारी सपोर्टचा कॉल आला. दीड हजारांचा कुर्ता, १२ टक्के धरून १६८० ला घेतलेला. बाईंना परत मिळत होते १५७५. रांग लागलेली, नवरात्रातली गर्दी, आणि काउंटरवरची मुलगी सांगतेय की कॉम्प्युटर एवढेच दाखवतोय. कॉलवर मागचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्या मुलीने बहुतेक स्वतःच्या पर्समधून १०५ रुपये काढून दिले, कारण मधेच आवाज थांबला आणि ती म्हणाली, “राहू द्या, झालं आता.” फिक्सला मला चाळीस मिनिटं लागली. त्या १०५ रुपयांचं काय झालं हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

त्यानंतर दर एका मॉड्यूलमध्ये, तारखेसकट, कोंडायचं काम मी मागून घेतलं. एकतीसपैकी बावीस फाइली झाल्या. उरलेल्या नऊंमध्ये ते १.१२ वाले महाभाग आहेत.

काल पुढच्या रिलीजची शीट आली. ‘टेस्टेड?’ समोर मी ‘नो’ लिहिलं, खाली चार ओळींत कारणं लिहिली आणि पाठवून दिलं. रात्री लीडचं उत्तर आलं: “सोमवारी बोलू.”

आज शनिवार आहे. चहा गार झालाय, दुसरा टाकतो.