‘तडा नाही’

सकाळी बैठकीत निकाल दाखवायचे होते, म्हणून त्या रात्री मी भट्टी ८०० अंशांवरच उघडली. आतल्या दोन्ही पट्ट्या चिमट्यानं काढून गार लोखंडी ओट्यावर ठेवल्या. ‘टक्’ असा आवाज आला. साध्या अ‍ॅल्युमिनाच्या पट्टीचे दोन तुकडे झाले होते. पृष्ठभाग आधी निवतो, आकसू पाहतो. आतला गरम भाग त्याला आकसू देत नाही. हा ताण सिरॅमिकला सोसत नाही. उकळत्या पाण्यानं धुतलेल्या बरणीला आजी लगेच गार पाणी लागू देत नसे, ते याचसाठी.

दुसरी पट्टी कंपोझिटची: सिलिकॉन कार्बाइड, आत त्याचेच तंतू. ती शाबूत दिसली. वहीत लिहिलं, ‘तडा नाही.’

पहाटे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातही केसासारखे तडे दिसले. तंतूंवरच्या बोरॉन नायट्राइडच्या पातळ लेपापाशी ते बाजूला वळले होते, म्हणून पट्टी वाचली होती. पण इंजिनात याच वाटेनं ऑक्सिजन आणि वाफ आत शिरते, लेप खाते. मग पुढचा तडा वळत नाही, तंतू तोडत सरळ जातो.

ती ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘तडे आहेत. भट्टी मी घाईनं उघडली.’ बैठकीत तेच पान दाखवलं.