बोंडलं आणि अभयदान



गेल्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना आमच्या महिला मंडळातल्या एकीने मला बाजूला घेतलं. तिच्या भाचीला बत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली आहे, वजन दीड किलो. "तुमचा नातूही असाच होता ना? काय पाठवू ते सांगा. गुटीचं सामान तयार ठेवलंय," ती म्हणाली. चपला घालता घालता मला काही नीट सांगता येईना. म्हणून आज लिहायला बसले.

आमचा नातू १४ जून २०२० चा. ३१ आठवडे नुकते भरले होते, वजन १३४० ग्रॅम. लोकल २३ मार्चपासून बंद. वसईकराला लोकल नाही म्हणजे मुंबई परगावच. मध्यरात्री सुनेच्या अंगावरून पाणी जायला लागलं. मुलाने तिला गाडीत बसवलं आणि सातिवलीहून हायवे, वर्सोवा पूल, दहिसर चेकनाका करत मुंबईतल्या हॉस्पिटलात नेलं. पेशंटबरोबर एकच माणूस, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. मी पिशवी भरून दारात उभी राहिले. तिची आई सोलापुरात अडकलेली. म्हणजे दोन दोन आया असून त्या रात्री तिच्यापाशी एकही नव्हती.

तिच्या स्वॅबचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. तोवर तिला बाळ दाखवलंसुद्धा नाही. आई पॉझिटिव्ह असली तरी मास्क लावून, हात धुऊन तिने बाळाला जवळ घ्यावं, अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती. पण भीतीचे दिवस होते, सगळेच घाबरलेले. कोणाला दोष देत नाही. ते दोन दिवस तिने भिंतीकडे तोंड करून काढले, एवढं मात्र मला माहीत आहे.

मी १९८१ ची बी.कॉम. काळजी वाटली की वही काढते. रोज संध्याकाळी सून वजनाचा आकडा पाठवायची आणि मी तारखेपुढे मांडायची. १३४०, १३१०, १२७०, १२४०. आकडा उतरताना पाहून माझा जीव खाली-वर व्हायचा. पहिल्या आठवड्यात अशा बाळांचं वजन थोडं उतरतंच, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे मी जेवले. चौदाव्या दिवशी आकडा पुन्हा १३४० वर आला. घाट्याचं खातं बरोबरीत आलं म्हणून मी दिवा लावला.

आता एक कबुली. सुरुवातीला तिला दूध येत नव्हतं, म्हणून बाळाला मिल्क बँकेतलं दूध दिलं. मी फोनवर पहिला प्रश्न काय विचारावा? "कोणाचं दूध?" ती म्हणाली, "आई, कुठल्या तरी आईचं." मी गप्प झाले. आपण शास्त्रात चार दानं वाचतो, त्यात आहारदान आहे. कुठल्याशा घरातल्या बाईने आपल्या बाळाला पाजून उरलेलं दूध माझ्या नातवाला दिलं. ते तपासून, पाश्चराइज करून त्याच्यापर्यंत आलं. आणि मी तिची जात विचारत होते.

आशियातली पहिली अशी मिल्क बँक आपल्याच मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली निघाली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. नर्स कमी आणि बाळं जास्त, अशा सरकारी वॉर्डात त्यांनी आयांनाच आत घेतलं, बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि तिथले बालमृत्यू उतरले. आज आशाताई घरी येऊन बाळ बघतात, त्याची सुरुवात तिथली. म्हणजे बाईला शिकवलं की तिला जमतं, हे महाराष्ट्रात केव्हाच सिद्ध झालंय. आपल्या घरात मात्र आपण ते विसरतो.

सुनेने पहिल्यांदा काचेच्या पेटीत हात घातला तेव्हा तो थरथरत होता. सिस्टर म्हणाली, "कुरवाळू नका, नुसता स्थिर ठेवा. एक हात डोक्याशी, एक पायांशी." त्या हॉस्पिटलात आयांसाठी चार खाटांची एक खोली होती. तिथे डहाणूकडची एक मुलगी होती, तिचं बाळ अकराशे ग्रॅमचं आणि ती दोन आठवडे आधीपासून तिथे. दूध कसं काढायचं, नळी लावलेल्या बाळाचं लंगोट कसं बदलायचं, रात्री रडू आलं तर कोणाला उठवायचं, हे सगळं तिने शिकवलं. सून बँकेत नोकरी करणारी, ती मुलगी सातवी शिकलेली. पण त्या खोलीत मास्तरीण तीच.

मग एक दिवस व्हिडिओ कॉलवर सून म्हणाली, "आई, आज मी चोचीच्या वाटीने पाजलं." बघते तर काय, बोंडलं! माझ्या आजीकडे चांदीचं होतं तेच, फक्त इथे स्टीलचं. डॉक्टर त्याला पलाडाई म्हणतात.

रात्री दोनला दूध काढायला उठलं की तिला सपाटून भूक लागायची. तिने भीत भीत विचारलं, "रात्री खाल्लं तर?" मी स्वतः चौविहार पाळते. क्षणभर थांबले आणि म्हटलं, "खा. तुझं पोट भरलं तरच त्याला आहार मिळणार." दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर अळिवाच्या लाडवांचा डबा पाठवला. या बाबतीत कोणाचं मत वेगळं असेल तर ते मला मान्य आहे, पण मी तरी पुन्हा तेच सांगेन.

दुसऱ्या आठवड्यापासून तिला बाळ छातीशी बांधायला दिलं. त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातलं. १९७८ च्या सुमाराला बोगोटातल्या एका सरकारी हॉस्पिटलात काचपेट्या कमी पडायच्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आईच्या अंगाची ऊब वापरली. म्हणजे उपाय निघाला गरजेतून, पण ठरला मोलाचा. भारतासह पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला, आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलात. एक ते सुमारे १.८ किलोच्या बाळांना स्थिरस्थावर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले. २०२१ मध्ये तो छापून आला. त्याच काळात जगभर किती आयांना बाळापासून लांब ठेवलं होतं, हे आठवून पोटात कालवतं.

पस्तिसाव्या दिवशी बाळ १७९० ग्रॅमचं होऊन घरी आलं. मी सहाण घासून ठेवली होती. हरडा, जायफळ, वेखंड, सगळं मांडलेलं. सून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी फक्त आईचं दूध आणि लिहून दिलेले थेंब सांगितलेत." सहाण उचलून ठेवली, पण मन खट्टू झालं. संध्याकाळी मुलगा शर्ट काढून बाळाला छातीशी घेऊन बसला. मी आधी तोंड फिरवलं. मग पुन्हा पाहिलं. कारण हा मुलगाही आठव्या महिन्यातलाच.

१९८५, सांगली. सासूबाईंनी त्याला कापसात गुंडाळून आपल्या खोलीत ठेवलं होतं, शेगडीच्या उबेला. त्यांनी जिवापाड केलं, तो जगला, त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण मला बाळ फक्त पाजायला मिळायचं आणि पाजून झालं की काढून घ्यायचे. "तुला जमायचं नाही," असं त्या मायेनेच म्हणायच्या. मूल सव्वा महिन्याचं झालं तरी त्याला न्हाऊ घालायची माझी हिंमत नव्हती. मी माझ्याच मुलाला घ्यायला परवानगी मागत होते. धाकटी मुलगी झाली तेव्हा कुठे मला माझे हात माझे वाटले.

एवढं भोगलेली मी. तरी ऑगस्टच्या सुरुवातीला एका रात्री तेच केलं. पहाटे तीनला बाळ कुरकुरलं. सून गाढ झोपलेली. तिला विश्रांती मिळावी म्हणून मी बाळ उचललं, काढून ठेवलेलं दूध बोंडल्यात घेतलं आणि आडवं धरून पाजायला लागले. चाळीस वर्षांचा अनुभव ना! दोन घोट गेले, तिसरा मी घाईने ओतला. बाळाला ठसका लागला, आवाज बंद, ओठ निळसर. माझे हात गोठले. तोंडातून णमोकारसुद्धा फुटेना.

सून कधी उठली कळलंच नाही. तिने बाळ माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं, तोंडातलं दूध निथळू दिलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. ते रडलं. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. मग तिने शांतपणे डॉक्टरांना फोन लावला आणि उजाडायच्या आत आम्ही वसईतल्याच बालरोगतज्ज्ञांकडे होतो. छाती साफ होती. परतताना ती एवढंच म्हणाली, "आई, सध्या तुम्ही नका पाजू."

मला ते लागलं. सांगायला लाज वाटते, पण पंधरा-वीस दिवस मी घुम्यासारखी वागले. स्वयंपाक करायची, डबे भरायची, बाळाच्या खोलीत जायची नाही. मनात एकच: कालची पोर मला शिकवते.

मग दशलक्षण पर्व आलं. मंदिर बंद, पूजा घरीच. पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. ते दहा दिवस मी सामायिकाला बसत होते आणि दर वेळी समोर सांगलीची ती खोली येत होती. क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो, फोन करतो, मेसेज पाठवतो. ज्याची खरोखर मागायची असते त्याच्याशी मात्र जीभ अडते. त्या दिवशी मी सुनेच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "चुकलं माझं. पाजलं ते चुकलं आणि रुसले तेही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आई, मीही घाबरले होते. फक्त हात घाबरले नाहीत, कारण पस्तीस दिवस त्यांनी तेच केलंय." मग तिने मला शेजारी बसवलं. डोकं उंच कसं धरायचं, थेंब थेंब सोडून गिळेपर्यंत कसं थांबायचं, हे दाखवलं. साठाव्या वर्षी मी बोंडलं धरायला शिकले.

चार दानांतलं अभयदान आपण मुक्या जिवांसाठी वाचतो. नव्या आईलाही ते लागतं, असं मला तेव्हापासून वाटतं. महामारीने तिला एकटं पाडलं, ते वाईटच झालं, त्याचं कौतुक मी करणार नाही. तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं. फक्त तिच्या हातातून बाळ काढून घेणारं नको होतं.

तेव्हा मंडळातल्या माझ्या मैत्रिणीला उत्तर. गुटीचं सामान ठेवून दे. भाचीसाठी खाण्याचे डबे पाठव, ती दूध काढत असेल तेव्हा तिच्या घरातली कामं कर. चार आठवड्यांच्या आत बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासलाय ना, एवढं आठवणीने विचार. आमच्याकडे लॉकडाऊनमध्येही ती तारीख चुकवली नाही, कारण तो वेळ टळला तर नजर जाऊ शकते. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. पण मान केव्हा धरेल, कुशीवर केव्हा वळेल, हे मोजताना लवकर आलेले आठवडे वजा करायचे. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना हा हिशोब सांग. आणि भाचीने बाळ उचललं, तिचे हात थरथरले, तरी तू हात पुढे करू नकोस. बस तिच्याजवळ. जमतं तिला.

आमचा नातू आता शाळेत जातो. वजनाची वही अजून माझ्या कपाटात आहे, शेवटचं पान कोरं. सून म्हणते, तिथे त्याच्या दाताची तारीख लिहा, परवाच पहिला पडला.