अर्धी बातमी

झाई ओलांडली की महाराष्ट्र संपतो. रोजगार मात्र त्याहीपुढे, वेरावळ, पोरबंदर, ओख्याला असतो. पावसाळी मासेमारीबंदी उठली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांतले तरुण उचल घेऊन तिकडच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात. माशांमागे जाता जाता पाण्यावर न दिसणारी सीमा कधी ओलांडली जाते, पाकिस्तानची गस्ती नौका येते आणि मुक्काम कराचीच्या तुरुंगात पडतो. शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. पण ती भोगून झाल्यावरही नागरिकत्वाची पडताळणी आणि दोन सरकारांची मर्जी यांत वर्षं जातात.

घरी राहणाऱ्यांचं काय? माणूस आहे, आणि नाहीही. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना हे दुःख वेगळं ओळखलं. मृत्यूला सुतक असतं, दिवस असतात, रडायला माणसं जमतात. वाट पाहण्याला कुठलाच विधी नाही. अशा वेळी मन अडकून पडतं ते दुबळं असतं म्हणून नव्हे, परिस्थितीच अडकवणारी असते, असं बॉस सांगतात. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण ‘धीर धर’ म्हणून मोकळे होतो, जणू खलाशाच्या बायकोनं धीर कुठेतरी ठेवला आणि ती विसरली.

२००८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यादीनं कुणी घरी येत नाही. तरीही रोज सकाळी ‘काही कळलं का’ म्हणत उठणं आणि अमुक तारखेला विचारायचं असं ठरवणं यांत फरक आहे. मधले दिवस मग भातासाठी, पोरांच्या शाळेसाठी थोडे तरी मोकळे होतात.

असं अधांतरी जगणं या भागानं दुसऱ्या रूपातही पाहिलं. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी तालुक्यांतच, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. हे कधी थांबेल ते शास्त्रज्ञांनाही सांगता येईना. लोक थंडीत घराबाहेर झोपले. हाल होतेच, पण शेजारी अख्खा पाडा जागा होता. भीती वाटून घेता येत होती. खलाशी पकडला गेला की एकच घर हादरतं, आणि बाकीच्यांना ते जाणवतही नाही.

ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. झोप उडाली, अन्न जाईना, जीव नकोसा झाला तर तो लावायलाच हवा. पण त्या घरातला पहिला प्रश्न बहुधा निराळाच असतो: घेतलेली उचल फेडायची कशी, आणि कचेरीत अर्ज लिहून कोण देणार? समुपदेशकाला हे प्रश्न आपल्या कामाबाहेरचे वाटले, तर त्या बाईचं अर्धं दुखणं त्याच्या कानावर जायचंच नाही. अर्ज लिहायला बसणारी शेजारीण मात्र ते सगळं ऐकून घेते.