आमची सीता

गतवर्षीं रत्नागिरीस आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत सीतेची भूमिका आमच्या वांट्यास आली. मित्रांच्या थट्टेस भिऊन आम्हीं ती सोडण्याचा निश्चय केला. तेव्हां गुरुजींनीं दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रपटाची पडद्यामागील हकीकत सांगितली. त्या काळीं स्त्रिया चित्रपटांत काम करण्यास सहसा धजत नसत. म्हणून पूर्वीं उपाहारगृहांत आचारी असलेले अण्णा साळुंके त्यांत रामही झाले आणि सीताही! विरहानें व्याकुळ पति तेच, अशोकवनांत झुरणारी पत्नीही तेच. हें ऐकून आम्ही वरमलों.

प्रयोगाच्या रात्रीं आम्ही लुगडें नेसलों. तांबड्या दिव्यांत कागदी लंका 'पेटली', आणि पहिल्या रांगेंतील आमच्या आजीनें डोळ्यांस पदर लाविला. बालमित्रहो, कोणतेंही काम हलकें नसतें. आपली भीतीच त्यास हलकें ठरविते.