कोतवालाची वही

लेस्टरमध्ये नव्याने आलेल्या देशी माणसाला आधी बेलग्रेव्ह रोड कळतो. दिवाळीची रोषणाई, साड्यांची दुकानं, १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेल्यावर इथे पाय रोवलेल्या कुटुंबांच्या गोष्टी. इथल्या गोऱ्या पेन्शनरांचा नाद कळायला जरा वेळ लागतो. बागेतली कामं उरकली की ही मंडळी आपल्या गावाचा आणि घराण्याचा इतिहास उकरायला बसतात. राजेरजवाड्यांचा नव्हे, मेंढपाळाचा, मागावर मोजे विणणाऱ्याचा, शेतमजुराचा.

त्यांना ते जमतं, कारण कागद आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. लोक धास्तावले, नवा कर बसवायचा हा डाव असणार, असंच त्यांना वाटलं. सतराव्या शतकात लोकरीचा धंदा जगवायला मुडद्यालाही लोकरीच्या कफनात पुरायची सक्ती झाली, आणि तीही या वह्यांत उतरली. इतिहासासाठी म्हणून यातलं काहीच कोणी लिहिलं नव्हतं. याच शहरातल्या कॉलेजात, जे पुढे विद्यापीठ झालं, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९४८ मध्ये स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. शहराला खेटून असलेल्या विगस्टन गावच्या साध्या शेतकऱ्यांवर त्यांनी १९५७ मध्ये आख्खं पुस्तक काढलं.

आमच्या भंडारा जिल्ह्यातही अशी वही आहे. तिला कोतवाल बुक म्हणतात.

कोतवाल म्हणजे गावकामगारांतला सगळ्यात खालचा माणूस. मध्य प्रांताच्या काळात गावातले जन्ममृत्यू ठाण्यात कळवायचं काम त्याच्याकडे असे. बऱ्याच गावांत तो महार असायचा. वही काखेत मारून तो ठाण्यापर्यंत पायी जायचा; अनेकदा त्याला स्वतःला लिहितावाचता येत नसे, तो सांगायचा आणि दुसरा लिहून घ्यायचा. इंग्लंडात गावाची आठवण पाद्र्याच्या कपाटात राहिली. आमच्याकडे गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याच्याच काखेत ती होती.

आमच्या घरातल्या एका नोंदीची नक्कल माझ्याजवळ आहे. तारीख, बापाचं नाव, जात, गाव आणि पुढे एवढंच: मुलगी. ती माझी आजी. तिचं नाव नाही, तिच्या आईचंही नाही. १८१३ पासूनच्या छापील इंग्रजी रजिस्टरात बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव असतं आणि बापाचा धंदा असतो. आमच्या वहीत जात असते, आणि आज या वहीला जी किंमत आहे ती त्या एका रकान्याची. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणून बारावी झालेल्या पोराचा बाप कचेरीच्या चकरा मारतो, एका ओळीची नक्कल मिळवतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. वही पुन्हा गठ्ठ्यात जाते.

आपल्याकडे कागद नाहीत, ही तक्रार खरी नाही. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, पण बंदोबस्ताचे कागद राहिले. तलावाच्या पाण्याची गावची वहिवाट वाजिब-उल-अर्जमध्ये मिळते. जळण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, हे निस्तार पत्रकात. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची गोष्ट अशाच कागदांतून जुळवता येईल. पोवार समाजाच्या भाटांकडे वंशावळीच्या पोथ्या असतात. मात्र यातलं बरंचसं जमीनवाल्यांचं आणि मानकऱ्यांचं. जुन्या शिरगणतीतून आपल्याकडे आकडे उरले, नावं उरली नाहीत. इंग्लंडात १९२१ ची शिरगणती नावानिशी २०२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ज्याच्या नावावर धानाची एक बांधीही नव्हती, अशा माणसाचा आमच्या गावातला पत्ता बहुतेक वेळा कोतवाल बुकातच लागतो.

ही वही वाचायची घाई का, ते मला लेस्टरच्या पूर्वेला इंगर्सबीच्या कुरणात कळतं. तिथे गाव होतं. १४६९ मध्ये लेस्टरच्या मठाने जमिनीला कुंपण घातलं, मेंढ्या सोडल्या आणि गाव उठलं. आज गवताखाली रस्त्यांचे खळगे आणि घरांचे उंचवटे तेवढे दिसतात. माझ्या डोळ्यांपुढे पवनीकडचा वैनगंगेचा काठ येतो. तिथल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झाली. पुढे पाणी अडलं आणि काठची गावं घरं-देवळं मागे टाकून नव्या वसाहतींत गेली. इंगर्सबीला उठून साडेपाचशे वर्षं झाली, तिथलं सांगणारं कोणी नाही. आमच्या बुडालेल्या गावांत जन्मलेली माणसं अजून हयात आहेत. वहीतलं नाव वाचून दाखवलं, तर हा कोणाचा कोण, त्याचं घर कोणत्या बोळीत होतं, हे ती सांगू शकतात. अजून वीस वर्षांनी ती ओळ नुसती ओळ राहील.

म्हणून गावी काकांना फोन केला. आजीची नोंद ज्या पानावर आहे, त्या अख्ख्या पानाची नक्कल काढता येते का, विचारलं.

“सर्टिफिकेट तं कवाचंच झालं ना?” काका म्हणाले. “मंग आता कायले पायजे?”

“आजीच्या वर-खाली कोण आहे, ते पाहायचंय.”

“कोण असन? आपल्याच गावचे असतीन.”

“तेच वाचायचं आहे, काका.”

थोडं थांबून त्यांनी विचारलं, “त्या सालचे मले दोन-चार जण ठाऊक आहेत. लिवून ठिवू का?”